मोठ्या मुलांसोबत आकाश बघायला जायचंय? पहिल्या रात्रीपासून काय काय करायचं ते सगळं

मुलं साधारण 11-12 वर्षांची झाली की सुट्टीच्या दिवसाचं गणितच बदलून जातं. आधी नुसतं "चला" म्हटलं की चपला घालून दारात उभी असायची, आता कुठे जायचंय, कशाला जायचंय हे विचारून झालं की "तुम्हीच जाऊन या" असं उत्तर येतं. त्यात त्यांचं काही चुकतंय असं मला अजिबात वाटत नाही, सगळं आईबाबांनीच ठरवायचं आणि आपण फक्त मागून चालायचं हे त्या वयात कोणालाच आवडत नाही. म्हणून या वयासाठी असा छंद शोधायला हवा ज्यात मूल खरोखर आपल्या पुढे जाऊ शकेल, आणि माझ्या मते त्यासाठी रात्रीच्या आकाशासारखं दुसरं काही नाही.

याला दोन पक्की कारणं आहेत. वयात येताना मुलांच्या शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन त्यांच्यात रात्री उशिरा तयार व्हायला लागतं, त्यामुळे सकाळी 6 ला फिरायला उठवायचं म्हणजे रोजची भांडणं, पण रात्री 10 ला हीच मुलं एकदम ताजी असतात. आणि दुसरं म्हणजे डोळे. अंधारात डोळ्याची बाहुली तरुणपणी साधारण 7 मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढत गेलं की तेवढी उघडत नाही, म्हणजे तुमच्या मुलीला जो पुसट तारा दिसतोय तो तुम्हाला खरंच दिसत नसेल. ती दाखवणार आणि तुम्ही शोधणार, असं उलटं नातं या वयात फार कमी ठिकाणी मिळतं.

तारीख ठरवणं, म्हणजे आधी चंद्र बघणं

पहिली पायरी हीच आहे आणि बहुतेक लोक नेमकी हीच विसरतात. सोयीचा शनिवार बघून निघतात आणि वर पौर्णिमेचा चंद्र असतो, मग आकाश एवढं उजळलेलं असतं की मोजके तारे सोडले तर काही दिसत नाही आणि मुलं म्हणतात यात बघायचंय काय. चंद्राचं चक्र साडेएकोणतीस दिवसांचं असतं आणि तो रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. पौर्णिमा होऊन 5-6 दिवस गेले की संध्याकाळनंतरचे काही तास अंधारे मिळायला लागतात, आणि तिथून पुढे अमावास्येनंतरच्या तिसऱ्या दिवसापर्यंत तारे बघायला उत्तम काळ.

पण अगदी पहिली रात्र मात्र मी मुद्दाम चंद्राचीच ठेवायला सांगेन, आणि तीसुद्धा घरूनच, गच्चीवरून नाहीतर खिडकीतून. अमावास्येनंतर साधारण 5 ते 9 दिवसांच्या मधली कुठलीही संध्याकाळ घ्या. पूर्ण चंद्रावर ऊन सरळ समोरून पडतं, सावल्या नसतात, त्यामुळे तो सपाट दिसतो. अर्ध्या चंद्रावर उजेड आणि अंधार यांची जी सीमारेषा असते तिथे ऊन तिरपं पडतं आणि विवरांच्या कडांच्या लांबच लांब सावल्या दिसतात, साध्या बायनॉक्युलरमधूनसुद्धा. त्या रेषेवर अंधाराच्या बाजूला कधीकधी एखादा एकटाच चमकणारा ठिपका दिसतो, ते डोंगराचं टोक असतं, तिथे नुकतं ऊन पोचलंय आणि पायथ्याशी अजून रात्र आहे. मुलाला सांगा की तासाभराने परत येऊन बघ, ठिपका वाढलेला असतो. अष्टमीच्या पुढे दोनेक दिवसांनी कोपर्निकस नावाचं विवर मस्त दिसतं, 93 किलोमीटर रुंद आहे ते. आणि नुसत्या डोळ्यांनी जे काळे डाग दिसतात त्यातलाच एक शांततेचा सागर, जिथे 20 जुलै 1969 ला अपोलो 11 उतरलं. तो डाग मुलांना स्वतः शोधू द्या, चंद्राचा नकाशा कुठेही मिळतो, फक्त नकाशा उलटा-सुलटा धरून जुळवायला लागतो आणि त्या जुळवण्यातच अर्धी मजा आहे.

त्यांना ही रात्र आवडली तर पुढे जा. नाहीच आवडली तर एक महिना थांबा आणि परत विचारा, लगेच दुसऱ्या दिवशी मागे लागू नका.

जागा

दुसरी पायरी जागेची, कारण चंद्र आणि ग्रह शहरातून दिसतात पण ताऱ्यांना अंधार लागतो. खूप लांबच जायला हवं असं नाही, दिव्यांपासून थोडं बाजूला गेलं तरी फरक पडतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकही दिवा थेट डोळ्यात यायला नको. शहराचा उजेड ज्या दिशेला असेल ती दिशा तशीही वाया जाणार, म्हणून शहर पाठीमागे आणि मोकळं क्षितिज समोर अशी जागा बघा. आकाश किती अंधारं आहे हे सांगायला बॉर्टल मोजपट्टी वापरतात, 2001 मध्ये आलेली, 1 म्हणजे सगळ्यात काळं आकाश आणि 9 म्हणजे मोठ्या शहराचा मध्य. इंटरनेटवर प्रकाशप्रदूषणाचे नकाशे असतात, ते उघडून जागा शोधायचं काम मुलांकडेच द्या, ही कामं त्यांना आपल्यापेक्षा पटकन जमतात आणि जागा त्यांनी निवडली की "कुठे आणलंय आम्हाला" हे वाक्य येत नाही.

जागा दिवसा एकदा बघून या, हे टाळू नका. खड्डे, तार, कुंपण, पाणी, मोकाट कुत्री, गाडी कुठे लावायची, कोणाची खाजगी जमीन असेल तर परवानगी, हे सगळं उजेडातच कळतं. रस्त्याच्या कडेला थांबून आकाश बघू नका, येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसत नाही आणि हेडलाइटने तुमचे डोळेही दिपतात. घरी कोणालातरी कुठे जातोय आणि कधी येतोय ते सांगून ठेवा. परत येताना गाडी कोण चालवणार आणि त्याची झोप झालीये का हेही आधीच ठरवा, मुलं मागे झोपून जातात पण चालवणाऱ्याला जागं राहायचं असतं.

सोबत काय घ्यायचं

फार काही लागत नाही. चटया किंवा जाड चादरी हव्यातच, कारण उभं राहून मान वर करून बघणं दहा मिनिटांच्या पुढे जमत नाही, आकाश आडवं पडूनच बघायचं. कपडे मात्र दिवसाच्या मानाने एक-दोन थर जास्त घ्या, रात्री उघड्या आकाशाखाली न हलता पडून राहिलं की जेवढी थंडी वाटेल असं वाटतं त्याच्यापेक्षा बरीच जास्त वाजते, आणि मुलं "मला नाही लागत थंडी" म्हणतील तरी त्यांचं जॅकेट गाडीत टाकून ठेवा. पूर्ण बंद बूट, डासांचं मलम, पाणी, काहीतरी गरम प्यायला, वही आणि पेन्सिल. पेन दवामुळे ओल्या झालेल्या कागदावर चालत नाही.

आणि लाल टॉर्च. साध्या टॉर्चच्या काचेवर लाल पारदर्शक कागदाचे दोन-तीन थर रबराने बांधले की झालं. अंधारात बघायचं काम डोळ्यातल्या ज्या पेशी करतात त्यांना लाल उजेडाचा त्रास कमी होतो, म्हणून नकाशा बघायला, वहीत लिहायला फक्त लाल उजेड वापरायचा, आणि तोसुद्धा अगदी मंद.

कामं वाटून देणं

हे मी वेगळं लिहितेय कारण सगळं यावरच उभं आहे. "चल, तुला दाखवतो" अशी सुरुवात झाली की मोठं मूल मनातून बाहेर पडलंच समजा. त्यापेक्षा आठवडाभर आधी सांगा की नकाशा तुझ्याकडे, त्या रात्री काय काय दिसेल ते तू काढून ठेव आणि आम्हाला तिथे तूच दाखवायचं. स्टेलेरियम हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आपली जागा, तारीख, वेळ टाकली की त्या क्षणी आकाश कसं असेल ते दिसतं, वेळ पुढे-मागे सरकवता येते, घरी बसून तयारी करायला याच्याइतकं सोयीचं काही नाही. दोन मुलं असतील तर एकाकडे नकाशा, दुसऱ्याकडे नोंदवही आणि घड्याळ, आणि मध्यावर अदलाबदल. 15-16 च्या पुढच्या मुलांना एखादा मित्र किंवा मैत्रीण आणू द्या, घरातल्यांबरोबर एकटं जायला नको वाटत असतं, पण मित्र असला की तेच मूल तासन्‌तास रमतं.

तुम्हाला उत्तर माहीत असेल तरी पटकन सांगू नका. चुकीचा तारा दाखवला तर "नकाशात बघ बरं परत" एवढंच म्हणा.

पोचल्यावर पहिला अर्धा तास

आता प्रत्यक्ष त्या जागी पोचल्यावर. चटया टाका, गाडीचे दिवे बंद, फोन खिशात, आणि 20 ते 30 मिनिटं नुसतं पडून राहा. बाहुली काही क्षणांतच मोठी होते पण डोळ्याच्या पडद्यातलं ऱ्होडॉप्सिन नावाचं रसायन परत भरून यायला एवढा वेळ लागतो, आणि फोनची एक झलक सगळं परत शून्यावर आणते. फोन बंद करायला लावणं हे या वयात अवघड, खरंय, पण "नियम आहे म्हणून" असं सांगण्यापेक्षा प्रयोग करू द्या. एका मोकळ्या तुकड्यात, समजा चार ठळक ताऱ्यांच्या चौकोनात, किती तारे दिसतात ते पोचल्या पोचल्या मोजायचं आणि अर्ध्या तासाने परत मोजायचं. आकडा केवढा वाढतो ते बघितल्यावर पुढच्या वेळी ही मुलंच इतरांच्या फोनवर ओरडतात.

या अर्ध्या तासात गप्पा होतात. अंधारात, एकमेकांच्या तोंडाकडे न बघता शेजारी पडलेलं असलं की मोठी मुलं जे बोलतात ते जेवणाच्या टेबलावर कधीच बोलत नाहीत. तिथे फक्त ऐकायचं, लगेच सल्ला द्यायला जाऊ नका.

मग हाताने मोजायला शिका. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की मुठीची रुंदी साधारण 10 अंश, करंगळी 1 अंश, आणि अंगठा ते करंगळी ताणलेला पंजा साधारण 20 अंशांच्या वर. मुलांचे हात लहान पण तेवढेच आखूडही असतात म्हणून हे माप सगळ्यांना चालतं. चंद्र फक्त अर्ध्या अंशाचा, करंगळीच्या नखामागे अख्खा झाकला जातो, हे करून बघितल्याशिवाय कोणाला पटत नाही. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे झाडाच्या शेंड्यावरचा एखादा तारा 40 मिनिटांत एक मूठ सरकायला हवा (ध्रुवाजवळचे तारे कमी सरकतात), ते मोजून बघा, पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि मुठीने मोजणं वेगळं.

काय बघायचं

सुरुवात ग्रहांपासून करा कारण ते सगळ्यात आधी दिसतात. तारा लुकलुकतो, ग्रह सहसा स्थिर दिसतो, कारण तारा इतका दूर आहे की तो नुसता बिंदू आणि हवेच्या हलण्याने त्याचा प्रकाश थरथरतो, ग्रह छोटी का होईना चकती असते. शुक्र सूर्यापासून 47 अंशांपेक्षा लांब कधीच जात नाही, त्यामुळे तो संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला, मध्यरात्री डोक्यावर दिसलेलं तेजस्वी काहीतरी शुक्र नसतं.

तारकासमूहांमध्ये डिसेंबर ते मार्चच्या संध्याकाळी मृग नक्षत्र घ्या, ते जगात जवळजवळ सगळीकडून दिसतं आणि त्याच्याइतकं ओळखायला सोपं दुसरं नाही. मध्ये तीन तारे एका रेषेत, ती रेषा एका बाजूला वाढवली की व्याध, आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी आणि अजून पुढे कृत्तिकांचा पुंजका. मृगातच ताऱ्यांचे रंग शिकता येतात, काक्षी तांबूस आहे आणि राजन्य निळसर पांढरा. तांबूस म्हणजे थंड, साधारण 3,500 अंश तापमानाचा, आणि निळसर म्हणजे तापलेला, साधारण 12,000 अंशांचा, नळावर लाल म्हणजे गरम आणि निळं म्हणजे गार याची सवय असल्यामुळे मुलांना हे नेहमी उलटं वाटतं. जून ते ऑगस्टमध्ये वृश्चिक, त्याच्यातला लाल ज्येष्ठा आणि शेपटीचा आकडा, तिथून आकाशगंगेचा पट्टा वर जातो. उत्तरेकडे राहणाऱ्यांना मार्च ते जून सप्तर्षी, आणि दक्षिणेकडून बघणाऱ्यांना एप्रिल ते जून त्रिशंकू. एका रात्रीत दोन-तीन समूह पुरेत, जास्त कोंबू नका.

सप्तर्षीत एक जुनी डोळ्यांची परीक्षा आहे, शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला चिकटून बारीक अरुंधती. ती कोणाला आधी दिसते बघा. पुलह आणि क्रतु या दोन ताऱ्यांची रेषा त्यांच्यातल्या अंतराच्या साधारण पाचपट पुढे नेली की ध्रुवतारा. तो आकाशातला सगळ्यात तेजस्वी वगैरे अजिबात नाही, मध्यम तारा आहे, पण तो जागचा हलत नाही आणि क्षितिजापासून त्याची उंची म्हणजेच आपल्या जागेचा अक्षांश. हे मोजायचं यंत्र मुलं घरी बनवू शकतात: कोनमापकाच्या सरळ बाजूला एक स्ट्रॉ चिकटवा, मध्यबिंदूतून दोरा सोडून त्याला नट किंवा खोडरबर बांधा, स्ट्रॉमधून ध्रुवतारा बघा आणि दुसऱ्याने दोरा कुठल्या आकड्यावर आहे ते वाचा. तो आकडा आणि 90 यांच्यातला फरक म्हणजे उंची. तीन-चार वेळा मोजून सरासरी काढली की उत्तर नकाशातल्या अक्षांशाच्या 2-3 अंशांत येतं, आणि त्या क्षणी मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो (लाल टॉर्चमध्ये). विषुववृत्ताच्या दक्षिणेला ध्रुवतारा दिसत नाही, तिथे हा प्रयोग जमणार नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो वयाच्या ताऱ्यांचा खेळ. प्रकाशाला ताऱ्यापासून इथे यायला जेवढी वर्षं लागतात तेवढं ज्याचं वय, तो तारा त्याचा, म्हणजे आपण जन्मलो तेव्हा निघालेला प्रकाश आत्ता डोळ्यात येतोय. 11-12 वर्षांच्याला प्रश्वा, तो 11.5 प्रकाशवर्षं दूर आहे. 16-17 च्या मुलीला श्रवण. 25 च्या मावशीला अभिजित, 37 च्या काकाला स्वाती, 43 च्या बाबांना ब्रह्महृदय, 65 च्या आजीला रोहिणी आणि 79 च्या आजोबांना मघा. बरोबर जुळलं नाही तर उलटं करा, 14 वर्षांच्या मुलाला प्रश्वा दाखवून सांगा की हा प्रकाश निघाला तेव्हा तू अडीच वर्षांचा होतास, आणि मग तो तेव्हा काय करायचा ते सांगत बसा. आजी-आजोबा बरोबर आले तर यातून ज्या गोष्टी निघतात त्या दुसरीकडे कुठे निघणार नाहीत.

बायनॉक्युलर, आणि टेलिस्कोप कधी

घरात असेल तो कुठलाही बायनॉक्युलर आधी वापरा. नवा घ्यायचाच झाला तर 7x50 किंवा 10x50. यातला पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो आणि दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते, 7x50 ला साधारण 7, 10x50 ला 5. मुलांची बाहुली 7 पर्यंत उघडते म्हणून त्यांना 7x50 चा पूर्ण फायदा होतो. 10 पटीच्या वरचा हातात धरून बघता येत नाही, थरथरतो. आडवं पडून, कोपर छातीला टेकवून बघा किंवा गाडीच्या टपाला टेका.

याच्यातून कृत्तिका बघा. नुसत्या डोळ्यांना 6-7 तारे दिसतात तिथे एकदम डझनावारी दिसतात. मृगाच्या पट्ट्याखालचा तेजोमेघ साधारण 1,350 प्रकाशवर्षं दूर, तिथे आत्ताही नवे तारे तयार होतायत. ऑक्टोबर ते डिसेंबर देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, पुसट कापसाचा लांबट डाग, 25 लाख प्रकाशवर्षं दूर, एवढ्या लांबचं दुसरं काही साध्या डोळ्यांना सहज दिसत नाही. पुसट गोष्ट बघायची युक्ती म्हणजे तिच्याकडे थेट न बघता थोडं बाजूला बघायचं, डोळ्याच्या मध्यभागी अंधारात बघणाऱ्या पेशी नसतात, त्या बाजूला असतात.

एक गोष्ट कडक सांगते, यात सूट नाही. बायनॉक्युलर किंवा टेलिस्कोपमधून सूर्याकडे कधीही, एक क्षणही बघायचं नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो. पहाटेपर्यंत थांबलात तर सूर्योदयाच्या आधी सगळं बंद करून पिशवीत.

टेलिस्कोपची घाई करू नका, निदान सहा महिने तरी. मुलाला नकाशाशिवाय 8-10 समूह सापडायला लागले की मग विचार करा, नाहीतर तो कपाटावर जातो. घेताना "525 पट" वगैरे खोक्यावर लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. टेलिस्कोपचं महत्त्व त्याच्या रुंदीत असतं आणि उपयोगी पटी साधारण रुंदीच्या मिलिमीटरच्या दुप्पट, म्हणजे 60 मिलिमीटरच्याला 120 च्या पुढे नुसतं धूसर. सुरुवातीला 130 ते 150 मिलिमीटरचा डॉबसोनियन प्रकारचा चांगला, तो जमिनीवर पक्का बसतो आणि हाताने फिरवता येतो. शनीची कडी पहिल्यांदा दिसतात तेव्हा बहुतेक जण पुढून कोणी चित्र चिकटवलंय का ते तपासतात.

एका रात्रीचा छंद होऊ नये म्हणून

एकदा जाऊन येणं सोपं असतं, टिकवायला मुलाच्या हातात स्वतःचं असं काहीतरी काम लागतं. त्यातलं सगळ्यात सोपं म्हणजे गुरूचे चंद्र. 10x50 स्थिर टेकवून धरला की गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके दिसतात, आयो, युरोपा, गॅनिमिड आणि कॅलिस्टो, हेच गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये बघितले. रोज रात्री गच्चीवरून पाच मिनिटं, वहीत एक वर्तुळ आणि ठिपके, तारीख-वेळ, बस. आयो पावणेदोन दिवसांत फेरी मारतो, युरोपा साडेतीन, गॅनिमिड सात, कॅलिस्टो जवळपास सतरा. दोन-तीन आठवड्यांच्या चित्रांवरून कोणता ठिपका कोणता हे मुलानेच शोधून काढायचं, अ‍ॅप शेवटी फक्त तपासायला. याच आयोच्या ग्रहणांच्या वेळा पुढे-मागे होतात हे बघून 1676 मध्ये ओले रोमरने प्रकाशाला वेग असतो हे दाखवलं, भौतिकशास्त्र आवडणाऱ्या मुलाला हे सांगा आणि पुढचं त्याच्यावर सोडा.

ज्याला चिकाटी आहे त्याच्यासाठी ययाती समूहातला अल्गोल आहे. हा तारा दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंद होतो, कारण दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि अंधुक तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढे येतो. मंद होऊन परत पहिल्यासारखा व्हायला साधारण 10 तास जातात. दर अर्ध्या तासाने शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून लिहायचं, मग आलेख काढायचा. आणि खरोखर उपयोगी काम करायचं असेल तर ग्लोब ॲट नाइट हा उपक्रम बघा, 2006 पासून चालू आहे, आपल्या आकाशात किती पुसट तारे दिसतात ते कळवायचं, त्यावरून जगभरातलं प्रकाशप्रदूषण मोजतात.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक बघणं मात्र सगळ्यांना जमतं. साधारण 400 किलोमीटर उंचीवर, 90 मिनिटांत पृथ्वीची एक फेरी, आपल्या जागेवरून कधी दिसणार त्याच्या वेळा नेटवर मिळतात. सूर्यास्तानंतरच्या किंवा सूर्योदयाआधीच्या एक-दोन तासांत काही मिनिटं, न लुकलुकणारा तेजस्वी ठिपका सरळ जातो आणि बऱ्याचदा मध्येच विझतो, तो पृथ्वीच्या सावलीत गेलेला असतो. नोव्हेंबर 2000 पासून तिथे सतत माणसं आहेत, म्हणजे तुमच्या मुलाच्या आयुष्यात असा एकही दिवस गेलेला नाही की सगळी माणसं पृथ्वीवरच होती.

उल्कावर्षावाची रात्र

वर्षातून एक मोठी रात्र ठेवायची तर ही ठेवा, मित्रमंडळींसकट. 12-13 ऑगस्टच्या आसपास ययातीचा वर्षाव (उत्तर गोलार्धात जास्त चांगला) आणि 13-14 डिसेंबरला मिथुनेचा. ययातीच्या उल्का स्विफ्ट-टटल धूमकेतूने मागे टाकलेल्या कणांच्या, सेकंदाला 59 किलोमीटर वेगाने येणाऱ्या, मिथुनेच्या मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या आणि सावकाश, 35 किलोमीटर. त्या वर्षी त्या तारखेला चंद्र आहे का ते आधी बघा, असेल तर फार अपेक्षा ठेवू नका. मध्यरात्रीनंतर जास्त दिसतात कारण तेव्हा पृथ्वीची आपली बाजू पुढच्या दिशेला असते आणि कण समोरून आदळतात. बायनॉक्युलर नको, फक्त आडवं पडायचं. दोघादोघांच्या जोड्या करून वेगवेगळ्या दिशा वाटून घ्या, दर 15 मिनिटांना किती दिसल्या ते एकाने लिहायचं. मध्ये वीस मिनिटं काहीच येत नाही आणि मग लागोपाठ तीन, हे असंच असतं, मुलांना आधी सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी शाळा किंवा क्लास नसेल तेव्हाच, आणि सकाळी झोपू द्या.

फोटो काढायचे असतील तर ते शेवटच्या अर्ध्या तासात, सगळं बघून झाल्यावर, कारण स्क्रीनने डोळे जाणारच. फोन ट्रायपॉडवर किंवा दगडाला टेकवून, 3 किंवा 10 सेकंदांचा टायमर, प्रो मोडमध्ये आयएसओ 1600 ते 3200 आणि 10-15 सेकंदांचं एक्सपोजर, फोकस लांबच्यावर. त्याच्यापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवलं की तारे रेघोट्यांसारखे येतात, तेही छानच दिसतं.

ढग आले तर? येतातच. त्यासाठी दुसरी तारीख आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा, त्याच चंद्राच्या काळातली, म्हणजे रद्द झालं असं न वाटता पुढे ढकललं असं वाटतं. आणि तिथे पोचल्यावर मूल तासाभरात कंटाळलं तर सरळ निघा, ओढून थांबवू नका. तारे रोज 4 मिनिटं लवकर उगवतात, महिन्याभरात दोन तासांचा फरक पडतो, त्यामुळे पुढच्या अमावास्येला त्याच वेळी गेलात तरी आकाश बरंच सरकलेलं असेल, तेव्हा नकाशा परत नव्याने काढायला लागेल आणि तो कोण काढणार हे घरी येतानाच विचारून घ्या.